विश्लेषण : एका टॅपमध्ये बॅकग्राउंड गायब, पण फोटोतील मऊ छटा कुठे जाते?

आकाशकंदिलाचा फोटो काढायचा, मोबाइलमधील अ‍ॅपवर एक टॅप करायचा आणि मागची भिंत गायब. गेल्या काही वर्षांत हे काम इतके सोपे झाले आहे, की त्यासाठी कुणाकडे जावे लागते हेच लोक विसरले आहेत. अडचण पुढे येते. तोच कंदील दिवाळीच्या शुभेच्छापत्रातील गडद निळ्या आभाळावर ठेवला की त्याच्या भोवतीचा उजेड तरी नाहीसा झालेला असतो, नाही तर त्याच्या जागी पांढुरकी, मळकट झालर दिसते. कंदील पेटलेला वाटत नाही, कात्रीने कापून चिकटवलेला वाटतो. हा दोष एखाद्या अ‍ॅपपुरता नाही. ‘पार्श्वभूमी काढा’ या मागणीतच एक गैरसमज दडलेला आहे आणि त्याची किंमत घरगुती उद्योग चालवणाऱ्यांपासून डीटीपी करणाऱ्यांपर्यंत अनेक जण मोजत आहेत.

नेमके बिघडते काय?

पार्श्वभूमी काढताना बहुतेक साधने फोटोतील प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, एकच प्रश्न विचारतात : तू वस्तूचा की मागच्या भिंतीचा? आंबा, चप्पल, स्टीलचा डबा, माणसाचा खांदा यांच्या बाबतीत हा प्रश्न बरोबर आहे. तिथे वस्तू संपते आणि भिंत सुरू होते. पण कंदिलाचा उजेड कुठे संपतो? उदबत्तीच्या धुराची कड कोणती? झिरझिरीत ओढणीच्या आतून दिसणारी भिंत ओढणीची की भिंतीची? मधाच्या बाटलीतून पलीकडचे टेबल दिसत असेल, तर ते कुणाच्या खात्यावर टाकायचे?

या ठिकाणी एकाच पिक्सेलमध्ये दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. थोडा कंदील, थोडी भिंत. उजेड कंदिलाजवळ दाट असतो, बोटभर अंतरावर निम्मा होतो आणि पुढे हळूहळू शून्यावर जातो. डिझाइनच्या भाषेत यालाच ग्रेडियंट म्हणतात. अशा चढत-उतरत जाणाऱ्या छटेला ‘हो की नाही’ विचारले, तर उत्तर चुकणारच. ‘हो’ म्हटले तर भिंतीचा रंग चिकटून येतो, ‘नाही’ म्हटले तर उजेड जातो.

मग ‘किती’ हे लिहून ठेवायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर जवळपास पन्नास वर्षांपूर्वी सापडले आहे. १९७७-७८च्या सुमारास अमेरिकेतील न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अ‍ॅल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल हे दोघे संगणकावर चित्रे जोडण्याच्या कामात होते. पुढे पिक्सार उभी करणाऱ्यांमध्ये हीच दोन नावे आहेत. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात; त्यांच्या जोडीला चौथा आकडा ठेवावा, ही त्यांची कल्पना. हा पिक्सेल किती झाकतो, एवढेच तो आकडा सांगतो. दोन चित्रांचे मिश्रण करण्याच्या सूत्रात या प्रमाणासाठी ग्रीक अक्षर अल्फा वापरले जाई, म्हणून त्याला अल्फा चॅनल हे नाव पडले.

नेहमीच्या फाइलमध्ये हा आकडा ० ते २५५ असा असतो. शून्य म्हणजे पूर्ण आरपार, २५५ म्हणजे पूर्ण भरीव आणि मध्ये २५४ पायऱ्या. १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे गणित नीट मांडले. या चौघांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने पुढे तांत्रिक पुरस्कारही दिला. आज मोबाइलच्या पडद्यावर एखादी खिडकी दुसरीवर अलगद सरकते, तिथेही हेच गणित चालते. म्हणजे ‘किती’ लिहून ठेवण्याची सोय कधीचीच आहे. आधीच मिसळलेल्या फोटोतून ते ‘किती’ परत शोधून काढणे, हे अवघड काम आहे.

आकड्यांत पाहिले तर?

समजा, कंदिलाच्या उजेडाचा मूळ रंग लाल २५५, हिरवा २००, निळा ० असा झळझळीत पिवळा आहे. एका ठिकाणी तो उजेड ५० टक्के आहे आणि मागे पांढरी भिंत. पांढरा म्हणजे तिन्ही आकडे २५५. निम्मे हे आणि निम्मे ते मिळून फोटोत दिसणारा पिक्सेल होतो २५५, २२८, १२८. हा फिकट, दुधाळ पिवळा आहे.

आता हा पिक्सेल ०, ०, ८० या गडद निळ्यावर न्यायचा आहे. अ‍ॅपने तो ‘वस्तूचा’ म्हणून पूर्ण भरीव ठेवला, तर निळ्या आभाळावर २५५, २२८, १२८ असाच दुधाळ ठिपका उमटतो. हीच ती पांढुरकी झालर. काही साधने थोडी शहाणी असतात. ती पिक्सेल ५० टक्के पारदर्शक करतात, पण त्यातील भिंतीचा पांढरा काढत नाहीत. मग उत्तर येते १२८, ११४, १०४. हा राखाडी, धुरकट रंग. बरोबर उत्तर आहे १२८, १००, ४०, म्हणजे काळोखात विरत जाणारा उबदार सोनेरी. तिन्ही वेळा फोटो एकच, पिक्सेल एकच. फरक एवढाच, की तिसऱ्या वेळी पारदर्शकता आणि मूळ रंग या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढल्या गेल्या.

कड खराब दिसली की अनेक जण ‘फेदर’ करतात, म्हणजे कड धूसर करतात. वरच्या आकड्यांवरून लक्षात येईल, की त्याने प्रश्न सुटत नाही. भिंतीचा पांढरा तसाच राहतो, फक्त पसरतो. आणि जिथे कड खरोखर धारदार होती, तिथेही ती विनाकारण मऊ होते.

पांढरा रंग सरळ वजा करता येत नाही का?

येतो, पण सगळीकडे नाही. ‘गिम्प’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर टू अल्फा’ नावाची सोय बरीच वर्षे आहे. ती पिक्सेल वस्तूचा की भिंतीचा हे विचारत नाही. या रंगात जास्तीत जास्त किती पांढरा असू शकेल, हे ती मोजते; तेवढा काढून टाकते आणि उरलेला रंग पुन्हा पूर्ण करते. वरच्या २५५, २२८, १२८ या पिक्सेलवर ती चालवली, तर उत्तर जवळजवळ ५० टक्के पारदर्शक झळझळीत पिवळे येते. अगदी मूळ रंग. पांढऱ्या कागदावरची शाईची सही, पेन्सिलीचे चित्र, पांढऱ्यावर विरणारी गडद सावली, एकरंगी ग्रेडियंटचा लोगो यांसाठी ही पद्धत कात्रीपेक्षा कितीतरी चांगली.

पण पांढऱ्या कागदावर फिकट गुलाबी फूल असेल, उदाहरणार्थ २५५, १९२, २०३, तर हीच पद्धत त्या भरीव पाकळीला ‘तीन चतुर्थांश पांढरा असलेला लाल’ समजते. पाकळी केवळ २५ टक्के भरीव उरते आणि गडद रंगावर ठेवताच भुतासारखी दिसते. कारण साधे आहे. माहीत असलेले आकडे तीन : फोटोतील लाल, हिरवा, निळा. शोधायच्या गोष्टी चार : मूळ लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. शाळेतील बीजगणितच सांगते, की तीन समीकरणांतून चार अज्ञात नेमके सुटत नाहीत. म्हणून कोणतेही साधन, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारेसुद्धा, एका फोटोवरून जे देते तो अंदाज असतो. अंदाज उत्तम असू शकतो. तरीही तो अंदाजच.

दोन पार्श्वभूमींची युक्ती काय आहे?

अंदाज नको असेल, तर माहिती वाढवावी लागते. १९९६ मध्ये अ‍ॅल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी एका शोधनिबंधात याचे गणित मांडले : तीच वस्तू, त्याच प्रकाशात, दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर टिपावी. आता आकडे सहा मिळतात आणि अज्ञात चारच राहतात. एक पार्श्वभूमी पांढरी आणि दुसरी काळी असेल, तर हिशेब तोंडी करता येतो. जो पिक्सेल दोन्हीकडे सारखा दिसतो, तो भरीव. जो पांढऱ्यावर पांढरा आणि काळ्यावर काळा, तो आरपार. आपल्या कंदिलाच्या पिक्सेलचा हिरवा आकडा पांढऱ्यावर २२८ आणि काळ्यावर १०० येईल. फरक १२८, म्हणजे २५५च्या निम्मा. अर्थात पिक्सेल निम्मा पारदर्शक. गुलाबी पाकळी दोन्हीकडे सारखीच राहील, म्हणून तिचे भूत होणार नाही.

संगणकावर तयार केलेल्या चित्रासाठी ही युक्ती अचूक चालते. एखादे सॉफ्टवेअर पारदर्शक फाइल देत नसेल, तर तेच चित्र एकदा पांढऱ्यावर आणि एकदा काळ्यावर काढून घ्यायचे. बाटली, काचेचे झुंबर, जाळीदार कापड अशा स्थिर वस्तूंचे फोटो स्टँडवर मोबाइल ठेवून असे काढता येतात. मात्र मागचा कागद बदलला की त्याचा उजेडही वस्तूवर पडतो, तेवढी चूक राहते. हलत्या धुराला ‘पुन्हा तसाच ये’ असे सांगता येत नाही.

सिनेमावाल्यांनी यावर संगणकाच्या आधीच डोके चालवले होते. ‘मेरी पॉपिन्स’ या १९६४च्या चित्रपटात पेट्रो व्लाहोस यांनी विकसित केलेली सोडियम दिव्यांची पद्धत वापरली गेली. मागचा पडदा सोडियमच्या विशिष्ट पिवळ्या प्रकाशाने उजळायचा. कॅमेऱ्यातील प्रिझम तेवढाच प्रकाश वेगळा करून दुसऱ्या फिल्मवर टाकत असे. एका फिल्मवर रंग, दुसऱ्यावर झाकणीचा हिशेब. त्यामुळेच नायिकेच्या टोपीवरील झिरझिरीत जाळीसुद्धा काढलेल्या चित्रांच्या पार्श्वभूमीवर नीट उतरली. पारदर्शकता नंतर कापून काढण्यापेक्षा टिपतानाच नोंदवावी, हा धडा तेव्हाचा आहे.

छटेत पट्टे का पडतात?

अनेकदा पार्श्वभूमी बरी निघते, पण उजेडाच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसतात. त्याचेही कारण आकड्यांत आहे. जिथे उजेड पाच टक्केच उरला आहे, तिथे २५५चा पाचवा-दहावा भाग नव्हे, तर जेमतेम १३ पायऱ्या वापरात असतात. भिंतीचा रंग काढून मूळ रंग मिळवायचा, तर या १३ पायऱ्या ताणून पूर्ण २५५पर्यंत न्याव्या लागतात, म्हणजे वीस पट. फोटोतील प्रत्येक बारीक चूकही वीस पट होते. त्यात फोटो जेपीजी असेल तर चुका भरपूर असतात, कारण जेपीजी चित्राला ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत तोडून आकसवते आणि रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा विरळ साठवते. माणसाच्या डोळ्याला एरवी हे कळत नाही. वीस पट केले की कळते.

उपाय दोन. शक्य असेल तिथे काम १६ बिटमध्ये करावे. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी ६५ हजारांहून अधिक पायऱ्या मिळतात. आणि छटेवर अगदी बारीक रवाळपणा, म्हणजे नॉइज, मिसळावा. रांगोळीत दोन रंगांच्या सीमेवर चिमूट-चिमूट भुरभुरवली की सीमा विरते, तसेच इथे होते. पट्टा दिसतो तो सरळ रेषेमुळे. रेषा मोडली की डोळा छट पुन्हा सलग वाचतो.

फाइलच्या प्रकाराने काय फरक पडतो?

एवढे सगळे नीट केले आणि फाइल चुकीच्या प्रकारात ठेवली, तर सारे पाण्यात. जेपीजीमध्ये पारदर्शकता ठेवताच येत नाही. आरपार जागा पांढरी किंवा काळी भरली जाते. जीआयएफमध्ये १९८९च्या सुधारणेनंतर पारदर्शकता आली, पण ती फक्त हो किंवा नाही. अर्धे काही नाही आणि रंगही एका चित्रात २५६. त्यामुळे छटा तिथे मरतेच. पीएनजी या प्रकाराला १९९६ मध्ये वेबच्या प्रमाणसंस्थेने मान्यता दिली आणि त्यात ‘किती’ हा चौथा आकडा पूर्णपणे साठवता येतो. तरी इंटरनेट एक्सप्लोरर या तेव्हाच्या सर्वाधिक वापराच्या ब्राउझरला अर्धपारदर्शक पीएनजी नीट दाखवायला २००६ मधील सातव्या आवृत्तीपर्यंत वेळ लागला. वेबपी आणि अ‍ॅव्हीआयएफ हे नवे प्रकार कमी जागेत हेच काम करतात. व्हॉट्सअ‍ॅपची स्टिकर्स वेबपीतच असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरच सर्वाधिक फाइल्स मरतात. पीएनजी नेहमीच्या ‘फोटो’ म्हणून पाठवला की त्याचा जेपीजी होतो आणि पारदर्शकता संपते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा पोहोचतो. आणखी एक नेहमीचा घोटाळा चौकडीचा. पारदर्शक जागा दाखवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये राखाडी-पांढरी चौकडी दिसते. इंटरनेटवर शोधलेल्या ‘पीएनजी’चा स्क्रीनशॉट घेतला, तर ती चौकडी फोटोतच छापली जाते. स्क्रीनशॉटमध्ये पारदर्शकता सहसा नसते.

कापायची गरजच नसेल तर?

बऱ्याचदा नसते, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. फटाके, दिवे, ज्योत, वीज, काळ्या पडद्यापुढचा धूर या गोष्टी अंधारात उजेडाची भर घालतात. त्यांचा काळ्या पार्श्वभूमीवरचा फोटो असेल, तर तो न कापता नव्या चित्रावर ठेवायचा आणि लेयरचा प्रकार ‘स्क्रीन’ करायचा. काळा आपोआप नाहीसा होतो, उजेड छटेसकट उरतो. सावली याच्या उलट आहे. ती उजेड कमी करते. पांढऱ्या कागदावर पडलेली सावली ‘मल्टिप्लाय’ प्रकारात ठेवली की पांढरा जातो आणि सावली नव्या जमिनीवर मऊपणे बसते. मोबाइलवरील अनेक चित्रसंपादन अ‍ॅपमध्ये हे दोन्ही प्रकार असतात, बहुधा ‘ब्लेंड’ या नावाखाली.

म्हणून एकाच फोटोचे दोन भाग करणे शहाणपणाचे. कंदिलाचे भरीव अंग एका टॅपने कापावे, तिथे ते साधन उत्तम चालते; उजेड मात्र ‘स्क्रीन’ने वेगळा घालावा. टॅपला विरोध करण्याचे कारण नाही. त्याला झेपेल तेवढेच काम द्यावे, इतकाच मुद्दा.

‘एवढे कोण बघते?’ हा युक्तिवाद कितपत खरा?

मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याने सरकवल्या जाणाऱ्या फोटोत तीन पिक्सेलची झालर कुणाला दिसणार, असे म्हटले जाते. हे काही अंशी खरे आहे. ओळखपत्राचा फोटो, जुन्या वस्तूची विक्री, घरच्या ग्रुपवरील स्टिकर यांसाठी एवढा विचार करण्याची गरज नाही. पण तोच फोटो फ्लेक्सवर जातो तेव्हा हिशेब बदलतो. तीन हजार पिक्सेल रुंदीचा फोटो २० फुटांच्या फलकावर पसरला, तर एक पिक्सेल सुमारे दोन मिलिमीटरचा होतो आणि तीन पिक्सेलची झालर सहा मिलिमीटरची. चेहऱ्याभोवती, केसांभोवती, मूर्तीच्या प्रभावळीभोवती ही पांढरी रेघ चौकात उभ्या असलेल्या माणसालाही दिसते.

खरा तोटा मात्र त्यांचा आहे, ज्यांचे दुकान म्हणजेच फोटो. मध, कोकम सरबत, अत्तर काचेच्या बाटलीत विकणाऱ्या घरगुती उद्योजिकेकडे शोरूम नसते. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन पाहत नाही. बाटलीच्या काचेत जुन्या ओट्याचा तुकडा अडकलेला, खाली सावली नाही, कड खरवडलेली, असा फोटो समोर आला की माल खोटा असल्याची शंका येते. वस्तू अस्सल आणि चित्र बनावट दिसावे, ही त्या कष्टाची थट्टा आहे. मोठ्या कंपन्यांना हे चालत नाही, म्हणून त्या छायाचित्रकारावर खर्च करतात. छोट्यांना मात्र ‘एका टॅपचे काम’ म्हणून तेवढ्यावर भागवायला सांगितले जाते.

मग जबाबदारी कोणाची?

पहिली ग्राहकाची. लोगो किंवा जाहिरात करून घेताना शेवटचा जेपीजी घेऊन समाधान मानण्याची सवय सोडली पाहिजे. छपाईच्या व्यवसायात जिला ‘ओपन फाइल’ म्हणतात, ती सीडीआर किंवा पीएसडी फाइल आणि तिच्या जोडीला पारदर्शक पीएनजी मागून घ्यावा. त्याचे वेगळे पैसे पडत असतील, तर ते कामाच्या आधीच ठरवावेत. आज वाचवलेले थोडे पैसे पुढे प्रत्येक बॅनरच्या वेळी कुणाला तरी लोगो पुन्हा कापायला लावतात आणि दर वेळी त्यातील छटेचा एकेक थर जातो. चार-पाच वर्षांत सूर्योदयाचा केशरी-पिवळा लोगो सपाट केशरी ठिपका होऊन बसतो.

दुसरी जबाबदारी संस्थांची. शाळा, पतसंस्था, मंडळे, सार्वजनिक कार्यालये यांची बोधचिन्हे अनेकदा पांढऱ्या चौकटीतील लहान जेपीजीच्या रूपातच फिरत असतात. कार्यक्रमपत्रिकेवर रंगीत पट्ट्यात ती पांढऱ्या डब्यासकट छापली जातात. बोधचिन्हाची पारदर्शक आणि मोठी फाइल स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवणे, याला खर्च जवळजवळ शून्य आहे. त्यामुळे शेकडो ठिकाणी होणारी कापाकापी मात्र थांबेल.

तिसरी जबाबदारी अ‍ॅप बनवणाऱ्यांची. कापलेले चित्र ते बहुधा पांढऱ्यावर किंवा चौकडीवर दाखवतात, जिथे पांढुरकी झालर लपते. तेच चित्र काळ्या आणि एखाद्या गडद रंगावर दाखवण्याची सोय पहिल्याच पडद्यावर दिली, तर वापरणाऱ्याला काय गमावले ते लगेच कळेल. अंदाज कुठे कच्चा आहे, हे दाखवण्यात कमीपणा नाही.

आणि शेवटची बाब मोबदल्याची. केस, काच, उजेड आणि धूर असलेला फोटो नीट सोडवणे हे दोन मिनिटांचे काम नाही. डीटीपी करणाऱ्या मुलाला ‘मोबाइलवर फुकटात होते’ असे सांगून त्याचा दर पाडला जातो, तेव्हा तोही टॅप करूनच देतो. त्यात त्याला दोष देता येणार नाही.

मोबाइलवर काम करणाऱ्यांनी काय करावे?

सुरुवात फोटो काढतानाच करावी. चित्र गडद रंगावर जाणार असेल, तर फोटोही गडद कापडापुढे काढावा. फिकट रंगावर जाणार असेल, तर फिकट. मग कडेला थोडी पार्श्वभूमी राहिली तरी ती खुपत नाही. वस्तू आणि मागचे कापड यांत हात-दीड हात अंतर ठेवावे, म्हणजे कापडाचा रंग वस्तूच्या कडेवर पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो न वापरता मूळ फोटो वापरावा.

कापून झाल्यावर तो काळा, पांढरा आणि एखादा भडक रंग अशा तिन्हींवर ठेवून, मोठा करून पाहावा. झालर दिसली तर फेदर करण्याऐवजी कडेचा रंग स्वच्छ करण्याची सोय शोधावी. सावली आणि उजेड वेगळ्या लेयरवर ठेवावेत. स्वतः ग्रेडियंट तयार करताना केशरीकडून ‘शून्य टक्के पांढऱ्या’कडे जाण्याऐवजी केशरीकडून ‘शून्य टक्के केशरी’कडे जावे, नाही तर काही सॉफ्टवेअरमध्ये मध्येच फिकट धुके येते. फाइल पीएनजीतच ठेवावी आणि आकार कमी करणाऱ्या अ‍ॅपमधून काढल्यावर रंग २५६ वर तर आले नाहीत ना, हे तपासावे. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

यातील कोणत्याही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो प्रश्न बदलण्याचा थोडा विचार : हा पिक्सेल ठेवायचा की काढायचा, याऐवजी तो किती ठेवायचा. उजेड, धूर, काच आणि सावली असलेल्या प्रत्येक चित्रात हा प्रश्न येणार आहे. तो विचारणारी साधने पन्नास वर्षांपासून आहेत. ती वापरण्याची आणि वापरणाऱ्याच्या वेळेचे मोल देण्याची सवय तेवढी लावून घ्यायची आहे.